बाबांनी ठेवलेली नावं

निवृत्त झाल्यावर बाबांनी आपली पुस्तकं पानापानाने स्कॅन करायला घेतली. विद्यानगरच्या घरात कपाटाला जागा नव्हती, आणि टॅबवर अक्षर मोठं करता यायचं. फायलींना नावं मात्र ते मनाला येतील तशी द्यायचे. ‘बेगम बाजारच्या रद्दीतलं’, ‘हिला आवडलेलं’, ‘शेवट पटला नाही’. एकच पुस्तक दोन नावांनी, तर एकाच नावाची तीन पुस्तकं.

मी सॉफ्टवेअरमधली. ऑफिसातल्या मैत्रिणींना ती नावं सांगून मी हसलेसुद्धा होते. एका रविवारी सगळ्या फायली एका साच्यात बसवल्या: आधी लेखकाचं आडनाव, मग पुस्तकाचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा इथली तेलुगू. मराठी बोलते फाडफाड, वाचते अडखळत. म्हणून मुखपृष्ठं वाचायचं कामही मी एका प्रोग्रॅमवर सोपवलं.

“छान केलंस बाई,” बाबा म्हणाले.

पुढच्या खेपेला गेले तर ते टॅब घेऊन बसले होते. आई म्हणाली, “तेच पुस्तक तिसऱ्यांदा चाललंय. दुसरं सापडतच नाही त्यांना.”

मी टॅब घेतला. प्रोग्रॅमने आडनावांची पार वाट लावली होती. ते मला कळलंच नव्हतं, कारण मी ताडून पाहिलंच नव्हतं. जुनी नावंही कुठे जपून ठेवली नव्हती.

“मला सांगितलं का नाही, बाबा?”

“तू अख्खा रविवार घातलास त्याच्यात. कसं सांगू?”

रागावले असते तर बरं झालं असतं.

मग आम्ही एकेक फाइल उघडायला लागलो. मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं मोठी केली की पुसट व्हायची, चष्मा लावूनही त्यांना ती लागत नव्हती, म्हणून वाचायचं माझ्याकडे आलं. एका जोडाक्षरापाशी मी अडले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडले. बाबा थांबले, पहिलीतल्या पोरीसाठी थांबावं तसे. आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, तीही थांबली.

“सावकाश,” बाबा म्हणाले. “घाई नक्को.”

आधी ठेवलेली बरीचशी नावं त्यांना आठवली. ती ते सांगत गेले, मी देवनागरीत टाइप करत गेले आणि ऱ्हस्व-दीर्घ ते सुधारत गेले. काही पुस्तकांपाशी मात्र ते नुसतेच बघत राहिले.

“ह्याला काय म्हटलं होतं की... हौ, जाऊ दे,” ते म्हणाले. “तूच ठेव काहीतरी.”

मी ती फाइल प्रोग्रॅमने दिलेल्या नावानेच ठेवली आणि पुढची उघडली.