नारळ न फोडणारा पैलवान

"लागलं न्हाई ना, अण्णा?" समोरच्याला चीतपट केलं की आमचा हा पैलवान आधी हात द्यायचा आणि हेच विचारायचा. पाठ टेकलेल्या माणसाला याचाच जास्त राग येतो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बिदरच्या तालमीत आम्ही जोडीदार. तो ख्रिस्ती, बाप लहानपणीच गेलेला, आई दवाखान्यात आया.

जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिलीच असेल. शेवटची जिंकणाऱ्यानं देवळासमोर नारळ फोडायचा, मग चांदीचं कडं घ्यायचं. करजगीच्या जत्रेत हा जिंकला आणि नारळ हातात घेऊन उभाच राहिला. हलगी थांबली. मला वाटलं, आता मार खातो हा. यानं सरळ हरलेल्या गड्याला ओढत आणलं. "देव तुमचा हाय, तुम्हीच फोडा. मी बाजूला हात जोडून ऱ्हातो." अख्खा फड हसला. पुढं त्याच्या प्रत्येक कुस्तीला हरलेला गडीच ऐटीत नारळ फोडायचा.

राज्याच्या कुस्तीला त्याचं नाव निघालं, आणि त्याच आठवड्यात अंगावरची माती पुसत तो म्हणाला, "मी आफ्रिकेला जायलोय. मिशनच्या दवाखान्यात, सेवेला."

मला आधी थट्टा वाटली, मग डोकंच फिरलं. तिथं कुठली तालीम आणि कुठला खुराक! कामून, म्हणून खडसावलं.

"बोलावणं आलंय रे. न्हाई म्हणायला जमंना."

आई तरी अडवेल म्हणून तिच्याकडे पळालो. ती त्याच्या बॅगेत शेंगांची चटणी भरत होती.

तिथं तो रोग्यांना उचलून आणायचा. पैलवानाचं अंग कामी आलं, असं फोनवर हसून सांगायचा. मागच्या वर्षी दुसऱ्याच कुणाचा तरी फोन आला. तापानं गेला, तिथंच पुरलं. एवढा धिप्पाड गडी आणि ताप? अजूनही खरं वाटत नाही.

त्याच्या घरी गेलो. आई ऊर बडवून घेत असेल, मिशनवाल्यांना शिव्या देत असेल, असं वाटलं होतं. शेवटी चिडलो मीच. कशाला पाठवलंत मावशी, म्हणालो. तिनं मला पाणी आणून दिलं. आतल्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ कपड्यांना इस्त्री करत होता.

"तिथं आता उचलायला माणूस न्हाई म्हणं," ती म्हणाली. "ह्यो धाकटा जायलाय. मी व्हय म्हणले."