पौषातलं हळदीचं गाणं

अद्भुत, अमानवीय वगैरे शब्द मी आजवर बातम्यांमधून काढूनच टाकत आलो आहे. डहाणू-तलासरीच्या बातम्या लिहिताना असलं बरंच कानावर येतं – कुठे चिंचेखाली कुणी दिसलं, कुठे विहिरीतून आवाज आला. चौकशी केली की बहुतेकदा वटवाघूळ निघतं, नाहीतर शेजाऱ्याशी चाललेलं भांडण. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, तेही मला नीट सांगता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी ते गाणं ऐकलं असेल. आपल्या जिल्ह्यात आणि पलीकडे वापीपर्यंत दोन सीझन ते जवळजवळ प्रत्येक हळदीत वाजलं. शब्द नेहमीचेच – नवरी, मोगरा, डीजेवाला. लोक नाचतात ते मधल्या थांब्यासाठी. पहिल्या कडव्यानंतर गाणं अचानक गप्प होतं... अख्खा मांडव हात वर करून जागच्या जागी उभा राहतो, आणि चाल परत सुरू झाली की एकच उसळी. ते बसवणाऱ्या बेंजो पार्टीचं, म्हणजे लग्नात वाजवणाऱ्या बँडचं, पुढचं एकही गाणं चाललं नाही. असं का, हे लोक अजून विचारतात.

माझी मोठी बहीण वरोरला दिली आहे. तिचे यजमान, आमचे दामूभावोजी, मासेमारी करतात. लहान होडी, मागे मशीन. चार वर्षांपूर्वी पौषात ते पहाटे एकटेच जाळं काढायला गेले. सोबतच्या गड्याला ताप होता. उजाडताना धुकं उतरलं. ताईला अंगणातून समोरचे वाळत घातलेले बोंबील दिसेनात. भावोजींचा फोन लागेना. मी डहाणूहून बाईकवर पोहोचलो तेव्हा निम्मा गाव किनाऱ्यावर होता. कुणी रिकामे डबे बडवत होते, कुणी हाका मारत होते. एकाने रिक्षा वाळूच्या कडेला आणून हॉर्न दाबून धरला होता. त्या धुक्यात दुसरी होडी घालायला कुणी धजत नव्हतं. वरोरसमोर पाण्याखाली खडक आहेत. ताई रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "पोहता येतं रे त्यांना. पण जायचं कुठे ते कळायला नको?"

दुपार व्हायच्या सुमाराला धुक्यातून होडी आली. भावोजी वल्हवत होते. उतरले, ताईकडे पाहिलं, आणि विचारलं, "गाणं कोण म्हणत होतं?"

त्यांनी सांगितलं ते असं. मशीन बंद पडली. नांगर धरेना. ओहोटीचं पाणी ओढत होतं. एरवी लाटेच्या अंगावरून किनारा कुठे ते त्यांना कळतं, पण त्या दिवशी पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं. मग गाणं ऐकू आलं. बाईचा आवाज, एक की अनेक ते सांगता येत नाही. शब्द नव्हते, हळदीला म्हणतात तशी नाचती चाल. त्यांना वाटलं, गावात कुणाची तरी हळद आहे. त्या दिशेने त्यांनी वल्ही मारायला सुरुवात केली. मध्येच गाणं थांबलं. तसे तेही थांबले... आणि त्या शांततेत अगदी पुढ्यात खडकापाशी ओहोटीचं पाणी खळखळताना ऐकू आलं. त्यांनी होडी वळवली. गाणं पुन्हा सुरू झालं आणि वाळू लागेपर्यंत सुरू राहिलं. डबे, हाका, हॉर्न यांतलं त्यांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

आणि आम्हाला गाणं ऐकू आलं नव्हतं. मी स्वतः तिथे उभा होतो.

सवयीप्रमाणे मी चौकशी केली. पौष असल्यामुळे गावात लग्न नव्हतं, हळद नव्हती. स्पीकर लागला नव्हता. आसपासच्या गावांतही विचारलं. किनाऱ्यावरच्या आणि पाड्यांवरच्या जुन्या गाणाऱ्या बायकांना भावोजींनी गुणगुणून दाखवलेली चाल ऐकवली. ती कुणाच्याच ओळखीची नव्हती. एका डॉक्टर मित्राचं म्हणणं, घाबरलेला मेंदू आवाज तयार करतो. मान्य. पण त्या धुक्यात खडक कुठे आहे हे ज्या मेंदूला ठाऊक नव्हतं, तो नेमका तिथे गप्प कसा झाला?

भावोजी ती चाल गुणगुणत राहिले. "आंघोळीतसुद्धा कधी गायले नाहीत, आणि आता जाळं शिवताना सूर लावतात," ताई म्हणायची. सरावलीचा जिग्नेश बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. मासळी घ्यायला आला असता त्याने ती ऐकली आणि मोबाईलवर रेकॉर्ड केली. मधला थांबा त्याला भरून काढायचा होता, तिथे ढोलकी घालू म्हणाला. भावोजी हट्टाला पेटले. तिथे काही वाजवायचं असेल तर गाणंच नको, असं त्यांनी बजावलं. तो थांबा राहिला, आणि त्याच्यावरच गाणं चाललं. हळदीत ते लागलं की सगळे नाचतात. भावोजी तेवढा वेळ खुर्चीचा हात धरून बसतात.

पुढच्या गाण्यांसाठी जिग्नेशने काय काय केलं. महागडा स्टुडिओ, ड्रोनचा व्हिडिओ. काही उपयोग झाला नाही. दोन वर्षांपूर्वी धुक्याच्या एका सकाळी तो वरोरला आला आणि भावोजींना म्हणाला, "काका, एकदा परत जाऊ या ना. मी रेकॉर्डर आणलाय." मला वाटलं भावोजी हाकलून देतील. पण ते तयार झाले. त्यांनाही ते परत ऐकायचं होतं, असा माझा अंदाज आहे. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पण जा. दोन खुळे आहेतच, तिसरा असू दे." ती हसत नव्हती.

गेलो. मशीन दुरुस्त होती, गडी सोबत होता, जिग्नेशच्या फोनवर नकाशा चालू होता. चांगलं आत गेल्यावर मशीन बंद केली. चारही बाजूंना पांढरं. जिग्नेश रेकॉर्डर धरून बसला. मीही कान लावले... होडीच्या पोटावर पाणी लागत होतं, तेवढंच. बऱ्याच वेळाने जिग्नेश वैतागला.

"काहीच येत नाही, काका."

"कसं येईल?" भावोजी म्हणाले. "आपण हरवलोय कुठे?"

त्यांनी मशीन सुरू केली.

किनाऱ्यावर ताई उभी होती. काही ऐकू आलं का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. "बरं झालं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. भावोजी परत आले त्या वर्षी तिने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची ओटी भरली होती, समुद्राला नारळ दिला होता, गावदेवीलाही जाऊन आली होती. नेमकं कुणी केलं ते कळलं नाही, म्हणून सगळ्यांकडे.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. ती चाल कुणाची, हे मी लिहू शकत नाही. ज्यांची असेल त्यांचे आभार तेवढे लिहितो. भावोजी घरी आहेत.