नाय महाराजा

"दप्तर उघड," सर म्हणाले. मी उघडलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि प्रार्थनेच्या अख्ख्या रांगेला विचारलं, "कसलो वास येता रे?"

पोरं फिदीफिदी हसली. माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकते, हे सगळ्यांना ठाऊक. सातवीत होते मी. सर खेळाचे, संस्थेच्या अध्यक्षांचे पुतणे.

"वास जाईपर्यंत आत बस." खेळाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. खिडकी नाही. कुबट गाद्या. पायावरून काहीतरी सरसरत गेलं. ओरडले, ओरडले, घसा बसला. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरांचा गलका गेला, कडी तशीच. कपड्यातच झालं मला. शिपाईकाकूंनी झाडायला दार उघडलं तेव्हा कुठे बाहेर आले.

बाबा शाळेत जाब विचारायला गेले. सरांनी कानावर हात ठेवले. म्हणे, पोरगी आपणच लपून बसली.

मग आमच्याकडे होतं तेच झालं. भांडण बांधाचं असो की जाळ्याचं, देवापुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं की मिटलं. पुन्हा तो विषय काढायचा नाही. अध्यक्ष गावचे मानकरी. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सरस्वतीच्या फोटोपुढे नारळ ठेवला. शिक्षक, पालक, सगळे हात जोडून उभे.

"बा देवा महाराजा, ह्या पोरीन शाळेचा नाव खराब केल्यान. अजाण आसा. तिची चूक पोटात घाल, तिका बरी बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

त्यात बाबांचाही आवाज होता. बाबा अध्यक्षांच्याच ट्रॉलरवर खलाशी.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तू पण म्हण गो चेडवा."

सर समोरच, हात जोडून, गालातल्या गालात हसत. वाटलं, म्हणून टाकावं आणि सुटावं. पण उद्या पुन्हा ती खोली. आणि एकदा देवापुढे हो म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

"नाय महाराजा."

"काय?"

"नाय महाराजा! माझी चूक नाय. हेंनीच माका कोंडल्यानी."

बाबांनी तिथल्या तिथे कानाखाली काढली. पुढे त्यांचं ट्रॉलरवरचं काम गेलंच. सर राहिले शाळेत. मला मावशीकडे सावंतवाडीला धाडलं. शाब्बास म्हणायला कुणी आलं नाही.

आता मी स्वतः शिक्षिका आहे, दुसऱ्या गावात. अजून दार बंद करून झोपता येत नाही. काल चौथीतली एक मुलगी माझा हात सोडेना. "बाई, माका त्या सरांकडे नको धाडू. ते दार लावतत." तू खोटं तर बोलत नाहीस ना, असं मी विचारलं नाही. तिला जवळ घेऊन बसले, सगळं ऐकलं. आमच्याच शाळेतले सर, मागची खोली, बंद दार.

आज सकाळी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, गावातच मिटवूया. नारळ आणलाय."

पुन्हा तोच नारळ. मेली भीती काही जात नाही. नोकरीची भीती, गावाची भीती, त्या कडीची तर आहेच. तरी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन मी पोलीस ठाण्यात आले आहे. बाकावर बसलोय तिघी. मुलीने माझा पदर घट्ट धरलाय.

तुमचा नारळ तुम्हीच फोडा. हे पोर त्याच्यापुढे हात जोडणार नाही. आणि ती खोली उघडल्याशिवाय मी इथून उठणार नाही.