बाकावरच्या डोर्लेबाई

डोर्लेबाई वर्गात आल्या की खुर्चीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. खडू टेबलावर ठेवायच्या, कुणातरी पोराला किंवा पोरीला उठवायच्या आणि त्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसायच्या. उठवलेल्याने फळ्याशी जाऊन बाईंना गणित शिकवायचं. आमच्या अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या बोर्डाच्या वर्गाला, गणित असं चाले. नव्या मुलांना वाटायचं, बाईंची तब्येत बरी नसावी.

ही पासष्टच्या लढाईच्या आसपासची गोष्ट. जबलपूरला कारखान्यांचे भोंगे दिवसरात्र वाजत होते, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद होते आणि आमच्या घरांतले बाप एक तर पाळीवर असत, नाही तर झोपलेले. घरी अभ्यास विचारणारं कुणी नव्हतं. नेपियर टाउनच्या त्या लहानशा मराठी शाळेत मग बाईच काय त्या आमच्या वाट्याला होत्या, आणि त्याही बाकावर बसलेल्या.

बाकावर बसल्या की बाई पूर्ण विद्यार्थी व्हायच्या. शेजारणीशी कुजबुजायच्या, जांभई द्यायच्या, आणि शिकवणारा जरा भरभर पुढे गेला की हात वर करून म्हणायच्या, "मला नाही समजून राहिलं. असं काहून?" या 'काहून'ला, म्हणजे 'का'ला, भले भले हुशार घाबरत. आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला तर सगळं पाठ होतं, पण बाईंच्या दुसऱ्या 'काहून'ला त्याने सगळा फळाच पुसून टाकला.

मी गणितात ढ. सहामाहीत नापास झाले आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी मलाच उठवलं. मी रडवेली होऊन म्हटलं, "बाई, मला येत नाही."

"म्हणून तर तू. ज्याला येते ना, तो धावत सुटते. त्याला कुठं अडते हेच माहीत नसते. तू अडशील, अन् आम्ही पण तुझ्यासंग थांबू. चलो, शुरू करो."

मी अडत अडत एक उदाहरण सोडवलं. मध्येच शेजारणीशी बोलणाऱ्या बाईंना "बाई, गप्प बसा!" असंही माझ्या तोंडून गेलं. वर्ग खो खो हसला आणि बाईंनी निमूटपणे हाताची घडी घातली.

हेडमास्तरांना अर्थातच हे पसंत नव्हतं. एकदा त्यांनी दारातूनच सुनावलं, "बाई, पगार शिकवायचा मिळतो, बसायचा नाही." बाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या, अगदी आमच्यासारख्या. म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं मीच बोलून पाहिलं. त्यानं फक्त माझं गणित पक्कं झालं." हेडमास्तर पुढच्या वर्गाकडे वळले.

त्याच दिवसांत मामाने शहपुऱ्याहून मला स्थळ आणलं. शेती, बाजारात दुकान, मुलगा चांगला. बाबांनी ठरवून टाकलं, की नापासच होणार असेल तर पोरीला बोर्डाला बसवायचंच नाही, उन्हाळ्यात लग्न उरकायचं. मला शिकायचं होतं. का, ते मलाही सांगता आलं नसतं, पण शाळा सुटणार या विचाराने जेवण जाईना. मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, बाई घरी येतील, बाबांना चार शब्द सुनावतील.

बाईंनी भलतंच विचारलं. "तुझे बाबा सध्या काय करून राहिले?"

बाबा कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, होते. बढतीसाठी त्यांची परीक्षा होती, आणि तिच्यात नुसतं काम नव्हे, कागदावरचा हिशोबही होता. ते पेन्सिल घेऊन बसत आणि चिडून उठत. मी हे सांगताच बाईंचा चेहरा उजळला.

"अच्छा! म्हणजे तुला विद्यार्थी मिळाला."

"बाई, बाबा रागावतात."

"रागावू दे. जिथं रागावला, तिथंच अडलं समज. सांगू नको काही, विचार."

रविवारी मी भीत भीत विचारलं, "बाबा, टेपर म्हणजे काय?" बाबांनी आईच्या टोपलीतलं गाजर उचललं, दोन्ही टोकं छाटली. "हे जाड, हे बारीक. असा उतार कापायला टूल किती अंशात तिरपं करायचं, ते काढायचं आहे. हातानं करतोच मी. कागदावर येत नाही." मला त्या गाजरात चक्क आमचा काटकोन त्रिकोण दिसला! मी बाबांच्या परीक्षेच्या पुस्तकातलं सूत्र मांडलं. दोन टोकांच्या जाडीतला फरक, त्याचा निम्मा, भागिले लांबी.

"निम्मा काहून?" बाबांनी विचारलं.

मला येईना. बाबांनी पेन्सिल भिरकावली. दुसऱ्या दिवशी बाईंकडे धावले, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "हो ना, मला पण तेच नाही समजून राहिलं." मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! घरी येऊन त्या रागातच एक गाजर मधोमध उभं चिरलं, आणि पाहतच राहिले. उतार दोन्ही बाजूंना होता. टूल कापणार एकाच बाजूचा. म्हणून निम्मा! मी ओरडले, बाबा उठून आले. त्यांनी ते दोन तुकडे जुळवून पाहिले, परत उघडले, आणि लढाई लागल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. पुढे महिनाभर आमच्या घरी गाजराची भाजी झाली नाही, सगळी गाजरं अभ्यासात गेली.

स्थळाचं उत्तर न्यायला मामा आला, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगी बोर्डाला बसून राहिली आहे. अन् ती गेली तर माझा अभ्यास कोण घेईल?" बाबा पास झाले. मीही झाले, गणितात काठावर नव्हे, चांगली. पुढे कॉलेजात गेले, गणिताचीच शिक्षिका झाले. बाई नसत्या, तर मी शहपुऱ्याच्या दुकानामागच्या घरात असते. वाईट नसेल तेही, पण मला हवं होतं ते हे होतं.

बाई गेल्या तेव्हा नर्मदेच्या घाटावर त्यांचे कितीतरी विद्यार्थी जमले होते, केस पिकलेले, पोट सुटलेले. कुणी म्हणालं, मी बाईंना चक्रवाढ व्याज शिकवलं. कुणी म्हणालं, मी वर्तुळ. बाईंनी मला शिकवलं, असं एकही जण म्हणाला नाही. बाबा हट्टाने आले होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते मोठ्या अभिमानाने सांगत होते, "बाईंना त्रिकोणमिती येत नव्हती हो. माझ्या पोरीनं शिकवली त्यांना."

बाबांना ते खरंच वाटत होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. बाईंनीही केलं नसतं.