नळीतला लाल रंग

त्या मंगळवारी डायलिसिस संपलं आणि माझा भाऊ खाटेवरून उठला नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटत राहिलं, मशीननेच काहीतरी केलं असणार.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको कोरीट गावची होती. तिचा कोणावरच विश्वास नव्हता. घरी गेल्यावर नवरा दिवसभर पडून राहतो, म्हणजे मशीन थोडं रक्त ठेवून घेतं, असा तिचा संशय. थकवा कमजोर हृदयामुळे आहे, असं डॉक्टर सांगत, तेव्हा ती मान फिरवायची. डायलिसिसच्या शेवटी नळीतलं रक्त अंगात परत जाऊ लागलं की पदर खोचून मशीनजवळ उभी राहायची.

"थांब रे भाऊ, नळीमा आखो लाल दिखी ऱ्हायनं!" नळीत अजून लाल उरलंय म्हणून ती टेक्निशियनला दटावायची.

माझा भाऊ हसायचा. "मावशी, मन्हं बी देख."

दहाव्यानंतर दवाखान्यात राहिलेली भावाची चादर आणायला गेलो. तिने मला बाजूला बोलावलं.

"दादा, तुन्हा भाऊनं रगत त्या दिनले पुरं परत गयं. मी देखं."

मशीनवरचा माझा संशय गेला. चादर घरी आहे.