डावा हात भात्याचा

पुढं आयुष्यभर मी पियानो वाजवला. मोठमोठ्या सभागृहांत, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या लोकांपुढं वाजवला. पण माझी पहिली मैफल धाराशिवच्या क्लबात झाली आणि ती माझ्या थापांमुळं गाजली. बढाईच्या थापा नव्हेत, खऱ्या.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. संध्याकाळी भजनाला पेटी वाजवत: उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर. मलाही त्यांनीच शिकवलं. बोट चुकलं तर सोडून देत, पण भाता थांबला की खेकसत, "हवा दे, बाई, हवा! सूर मरतोय."

क्लब निजामाच्या वेळच्या अफसरांचा. संस्थान विलीन झालं, अफसर गेले, आणि उभ्या कपाटासारखा एक पियानो मागं राहिला. गावात त्याला सगळे 'बाजा'च म्हणत. त्याच्यावर पानाचे डबे, चहाच्या कपबश्या आणि एक मांजर अशी वस्ती असे. मग कोर्टात नवे मुन्सफ बदलून आले. त्यांच्या पत्नी सिकंदराबादच्या, पियानो शिकलेल्या. बाईंनी मांजर हाकललं, माणूस बोलावून बाजा सुरात लावून घेतला, आणि गावातल्या पोरींना शिकवीन असं जाहीर केलं. अण्णा मला घेऊन गेले.

मी बसले. उजवा हात झकास चालला. डावा मात्र सवयीनं समोरच्या फळीकडं गेला आणि भाता शोधत तिच्यावर थापा मारू लागला. बाई हसून हसून बेजार झाल्या.

"अगं, ह्याला भाता नसतो!"

"मग हा श्वास कुठनं घेतो?" मी विचारलं. मला खरंच काळजी वाटली होती.

डाव्या हातालाही पट्ट्यांवर बसवायला बाईंचा जीव मेटाकुटीला आला. पण तो बसला, आणि मला त्या बाज्याचं वेडच लागलं. शाळेत बाकावर बोटं, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं.

तेवढ्यात बाईंनी सांगितलं, क्लबाच्या संमेलनाला त्यांचे म्हातारे गुरुजी सिकंदराबादहून येणार आहेत. वाजवणं पसंत पडलं तर मला घरी ठेवून शिकवतील. मला दुसरं काही सुचेना. आत्या म्हणाली, "पेटी सासरी नेता येती. हे धूड न्यायला बैलगाडी लागंल!" अण्णांनी बराच विचार करून अट घातली, "गावासमोर हसं झालं नाही, तर पाठवतो. झालं, तर आपली पेटी बरी अन् आपलं घर बरं." अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

संमेलनाला सगळी कचेरी बायकापोरांसकट लोटली. मी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं, हे आज इतक्या वर्षांनी छाती ठोकून सांगते. शेवटी उजव्या हाताचा एकच लांब सूर होता. डावा रिकामा. पेटीवर तो सूर हवा तेवढा धरता आला असता. इथं तो विरायला लागला. मला ते सोसवेना. डावा हात आपोआप उठला आणि समोरच्या फळीवर धप, धप, धप!

मागनं कोणीतरी ओरडलं, "हवा भरा रे, पंक्चर झालंया!"

सगळा क्लब हसला. मुन्सफसाहेब रुमालानं डोळे पुसू लागले. मी उठले आणि भोकाड पसरलं. आता कसलं सिकंदराबाद!

गुरुजीही हसत होते. हसू आवरून म्हणाले, "हात का क्या, सुधर जाता. लड़की कू भेजो."

सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या. अट घरातच काय, आत्याच्या कृपेनं गल्लीभर ठाऊक होती. अण्णा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"हसं तर झालं," ते म्हणाले. मी मान खाली घातली.

"पण गावानं हसायचं तेवढं आज हसून घेतलं. आता इथं राहून काय करतीस? तिकडं आपल्याला ओळखतंय कोण? जा, बाई."