मिक्सरच्या आवाजात

आमच्या घरात गंभीर विषय मिक्सर लावून बोलले जातात. बाबांच्या कॅन्सरने औषधांना दाद द्यायची सोडली, तेव्हापासून कामोठ्याच्या वन बीएचकेत ही पद्धत पडली. बाबा आतल्या खोलीत, आम्ही किचनमध्ये, मध्ये मिक्सर. मोकळा फिरवला तर जळतो, म्हणून ताई त्यात मूठभर खोबरं टाकायची. बाबांना आजाराचं नाव कळू द्यायचं नाही, असा घरात ठराव होता. तो कुणी मांडलाच नव्हता, त्यामुळे त्याला विरोध तरी कुठे नोंदवणार?

वाशीच्या पॅलिएटिव्ह केअरवाल्या डॉक्टर आता बरं करण्याची भाषा करत नव्हत्या. दुखणं आटोक्यात ठेवणं हे त्यांचं काम. गुरुवारी त्यांनी सगळ्यांना भेटायला बोलावलं होतं. येण्याआधी बाबांना दोनच गोष्टी विचारून ठेवा, असं त्यांनी मला बजावलं होतं: श्वास अडकला तर मशीनवर जायचंय का, आणि शेवटी घरी राहायचंय की हॉस्पिटलात.

रविवारी तयारीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. ते त्यांच्या सोसायटीचे चेअरमन आहेत. पाण्याच्या टाकीची गळती असो की सासऱ्याचं मरण, आवाज तोच.

ताईने मिक्सर लावला.

"गुरुवारी डॉक्टरांशी मी बोलणार," भाऊजी ओरडले. मिक्सरमुळे गुपितंही ओरडूनच सांगावी लागत. "सर्व प्रयत्न करावेत, ही फॅमिलीची एकमुखी मागणी!"

"व्हेंटिलेटर लागला तर लावायचा," दादा म्हणाला. "उद्या लोक म्हणायला नकोत, मुलाने काही केलं नाही."

"मग लोकांनाच लाव व्हेंटिलेटर," मी म्हणाले. "बाबांना विचारूया आधी."

"वेडी आहेस का? टेन्शनने जातील ते!" ताई ओरडली.

"नाहीतर कशाने जाणारेत?"

"चार पुस्तकं वाचली की हिला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं," दादा भाऊजींना म्हणाला. मला जे सुनवायचं ते तो नेहमी भाऊजींनाच सांगतो.

भाऊजींनी सभेत करतात तसा हात वर केला. "भावनेच्या भरात नको. पेशंटला यातलं काहीही..."

मी मिक्सर बंद केला.

"...कळता कामा नये!" भाऊजींचं उरलेलं वाक्य घरभर खणखणीत ऐकू गेलं.

आतून बाबांचा आवाज आला. "महिनाभर चटणी वाटताय. पानात एकदाही वाढली नाहीत."

मी आत गेले. मागोमाग बाकीचे आले, मला थांबवायलाच. मी दोन्ही प्रश्न विचारून टाकले.

"बाबा, हिचं ऐकू नका," दादा घाईने म्हणाला. "साधं इन्फेक्शन आहे."

"साध्या इन्फेक्शनला जासईहून तुझी आत्या स्पेशल रिक्षा करून येत नाही." बाबांनी दम घेतला. "मशीन नको. इथेच राहीन. फक्त दुखणार नाही एवढं बघा म्हणावं."

"बघितलंस काय केलंस?" ताई माझ्या अंगावर आली. भाऊजी म्हणाले, ही मनोरुग्णाची लक्षणं आहेत. कुणाची, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

गुरुवारी भाऊजी ब्लेझर घालून आले. "आमच्या फॅमिलीच्या वतीने" इथपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट स्वतः काय म्हणाले?"

दादा छताकडे बघू लागला. मी बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरांनी ते लिहून घेतले आणि घरी द्यायच्या औषधांबद्दल बोलायला लागल्या. भाऊजींचं भाषण ब्लेझरमध्येच राहिलं.

आता बाबा घरीच आहेत. नर्स येऊन जाते. दुखणं बरंचसं आटोक्यात आहे, झोप लागते. ताई फोन उचलत नाही. दादा रविवारी येतो, बाबांना मॅचचा स्कोअर सांगतो, माझ्या हातचा चहा तसाच ठेवतो. परवा निघताना दारात चप्पल घालत खालच्या आवाजात म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"तिच्या नाही," आतून बाबा म्हणाले. "माझ्या."

दादा लिफ्टसाठी थांबला नाही. जिन्यानेच उतरून गेला.